दाताचा डॉक्टर: भीती नक्की कशाची, सुईची की बिलाची?

पावसाळी_छत्री (मानपाडा, ठाणे) | मंगळवार, रात्री १:४५

नमस्कार मंडळी,

घरातले सगळे गाढ झोपलेत आणि मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून उजव्या दाढेखाली लवंग धरून हे टंकतेय. आडवं झालं की ठणका थेट कानात जातो, उठून बसलं की जरा उतरतो. तीन रात्री हेच चाललंय.

या दाढेची आणि माझी ओळख तीन वर्षांची. आधी गार पाण्याने शिरशिरी, मग गोडाने कळ. गेल्या गणपतीत सगळे मोदक डाव्या बाजूने खाल्ले. मागच्या आठवड्यात मटकीच्या उसळीत एक गणंग दाताखाली आला आणि कट्ट आवाज झाला. जीभ लावून बघितलं तर दाढेचा आतला कोपरा गायब. तो बहुतेक उसळीबरोबर पोटात गेला.

इतके दिवस का गेले नाही, तर सांगते. मी सात वर्षांची असताना नौपाड्यातल्या एका डॉक्टरांनी माझा दुधाचा दात नीट बधिर न करताच ओढला होता. आईने दोन्ही हात धरलेले. मी किंचाळले तर डॉक्टर म्हणाले, "चॉकलेटं खाताना नाही का रडू येत?" आज मी त्रेचाळीस वर्षांची आहे, वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीचे हिशेब सांभाळते, ऑडिटरला घाबरत नाही. पण दवाखान्यातला तो लवंगेसारखा वास आला की पाय आपोआप मागे वळतात. (आणि आत्ता तोंडात लवंगच आहे. असो.)

दुसरं कारण म्हणजे गेल्या वर्षी धीर करून घोडबंदर रोडवरच्या एका चकाचक क्लिनिकमध्ये गेले होते. कॉफी मिळाली. मग छापील कागद मिळाला. तीन रूट कॅनल, तीन झिरकोनियाच्या कॅप, एक इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून नवा दात), स्केलिंग (दातांची सफाई), एकूण १ लाख १० हजार. दुखत होती एक दाढ. शेवटी "हप्त्यांची सोय आहे मॅडम." तो कागद घडी करून रेशनकार्डाच्या फाइलमध्ये ठेवला, अजून तिथेच आहे.

तिसरं कारण कोणाला सांगितलं नाहीये. लाज वाटते. तोंड उघडल्यावर "इतके दिवस काय करत होतात?" हे परत ऐकावं लागेल याची.

तर तुमचे अनुभव सांगा. खर्च किती आला, भीती कशी गेली, आणि तो एक लाखाचा कागद खरा असू शकतो का?

---

जांभळीनाका | मंगळवार, सकाळी ६:५०

लवंग ठीक, पण लवंगेच्या तेलाचा बोळा रात्रभर ठेवू नका. मी ठेवला होता. सकाळी हिरडीची साल निघाली, दात दुखायचा राहिला बाजूला आणि हिरडी चुरचुरत बसली. आमच्या आजोबांनी तर डोकेदुखीची गोळी चुरून दातावर दाबली होती, त्याने गाल आतून भाजला. गोळी गिळायची असते, दाताला चारायची नसते.

---

तिरकस | मंगळवार, सकाळी ९:१५

दाताचा डॉक्टर हा जगातला एकमेव माणूस, जो तुमच्या तोंडात दोन हात, एक आरसा आणि एक नळी कोंबून विचारतो, "काय मग, यंदा गावाला जाणार का?" आणि आपण "आँ आँ" केलं की त्यालाही ते समजतं.

कागद खरा की खोटा माहीत नाही. पण माझा नियम असा की ज्या दवाखान्यात कॉफी मिळते, तिथे कॉफीचेही पैसे आपणच देत असतो.

---

खारीगावकर | मंगळवार, दुपारी १:३०

माझी गोष्ट अक्कलदाढेची, आणि चूक शंभर टक्के माझी.

खालची डावी अक्कलदाढ आडवी वाढून शेजारच्या दाढेला ढुसण्या देत होती. आधी पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला, ज्याला ओपीजी म्हणतात. उभं राहायचं, हनुवटी टेकवायची आणि मशीन डोक्याभोवती फिरतं. मग सर्जनने हिरडी कापून, दाढेचे दोन तुकडे करून काढली. तेव्हा दुखलं नाही हो. दाबल्यासारखं वाटतं, कडकड आवाज येतो, पण दुखत नाही. साडेसहा हजार घेतले, टाके धरून.

डॉक्टरांनी बजावलं होतं की एक दिवस थुंकायचं नाही, चूळ जोरात भरायची नाही, स्ट्रॉने काही ओढायचं नाही, सिगरेट तर नाहीच. मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळवा स्टेशनबाहेर टपरीवर कटिंग आणि सिगरेट. तिसऱ्या रात्री जे सुरू झालं ते दाढदुखीच्या आजोबांनीही पाहिलं नसेल. दात काढल्यावर खड्ड्यात रक्ताची गाठ बसते, तीच खालच्या हाडाचं पांघरूण असते म्हणे. ती माझी निघून गेली होती. हाड उघडं. परत गेलो, त्यांनी खड्डा धुऊन औषधाची पट्टी भरली. दहा मिनिटांत माणसात आलो. रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "कुठल्या टपरीवर?"

सिगरेट त्यानंतर चार महिने बंद होती. पाचव्या महिन्याबद्दल विचारू नका.

---

दोन_वेण्या (ऐरोली) | मंगळवार, दुपारी ३:१०

जरा वेगळं, पण मुलं असलेल्या प्रत्येकाने वाचा.

आमचा मुलगा नऊ वर्षांचा असताना सोसायटीच्या पार्किंगमध्ये क्रिकेट खेळताना तोंडावर पडला. वरचा समोरचा दात मुळासकट बाहेर. पक्का दात, दुधाचा नव्हे. मी रक्त बघून नुसती उभी. दात वॉचमनकाकांना एका स्कूटरच्या चाकाखाली सापडला. मी तो नळाखाली घासायला निघाले तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या आजी वरून ओरडल्या, "घासू नकोस! दुधात टाक!" त्या शाळेत नर्स होत्या, हे मला त्या दिवशी कळलं.

वाटीभर दुधात दात, एका हातात वाटी, दुसऱ्या हातात पोरगं, आणि रिक्षा. अर्ध्या तासात सेक्टरमधल्या डॉक्टरांकडे पोचलो. त्यांनी दात परत जागेवर बसवला, शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधला. तार दोन आठवडे. पुढे त्या दाताचं रूट कॅनल करावंच लागलं, पण दात आहे. स्वतःचा आहे.

नंतर डॉक्टरांनी समजावलं की मुळावर जो पातळ जिवंत थर असतो, तो घासला किंवा वाळला की दात परत धरत नाही. दात पांढऱ्या भागाला धरायचा, मुळाला हात लावायचा नाही, आणि तासाभराच्या आत पोचायचं. दुधाचा दात पडला तर मात्र परत बसवत नाहीत.

छत्री, तुमच्या "चॉकलेटं खाताना" वर रागच आला. मुलाला डॉक्टरांनी आधी खुर्ची वरखाली करून दाखवली, पाण्याची पिचकारी त्याच्या हातावर मारली, मग तोंडाला हात लावला. तो आता माझ्यापेक्षा आरामात जातो.

---

आरसा_आणि_चिमटा (कोपरखैरणे) | मंगळवार, रात्री १०:२०

मी दाताचीच डॉक्टर. इथे एरवी फक्त पाककृती वाचायला येते, पण राहवलं नाही.

छत्री, आडवं झाल्यावर ठणका वाढणं, रात्री झोपमोड होणं, याचा अर्थ कीड बहुतेक दाताच्या नसेपर्यंत पोचली आहे. दाताच्या आत नस आणि रक्तवाहिन्या एका बंद खोलीत असतात. सूज आली तरी भिंती ताणत नाहीत, आणि झोपल्यावर डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो. म्हणून ठणका. नक्की काय ते एक्स-रे बघितल्याशिवाय कोणीच सांगू नये, मीही नाही. पण उद्याच जा. आणि मध्येच दुखणं अचानक थांबलं तर "बरं वाटलं" म्हणून घरी बसू नका. नस मेली की दुखणं थांबतं, जंतूंचं काम थांबत नाही. पुढे गाल सुजून येतो. मेडिकलवाल्याकडून आपल्या मनाने अँटिबायोटिकही घेऊ नका, आतली कीड त्याने जात नाही.

आता पैशांचं. लोक म्हणतात दहा मिनिटांच्या कामाचे पाच हजार. रूट कॅनलमध्ये दाढेतल्या तीन-चार कालव्यांतून सुईएवढ्या फाइल्सनी सडलेला भाग काढायचा, धुवायचं, मोजून गटापर्चा (रबरासारखा पदार्थ) भरायचा. फाइल्स झिजतात, फेकाव्या लागतात. अवजारं प्रत्येक पेशंटनंतर ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर वाफेच्या दाबाखाली. बऱ्याच छोट्या क्लिनिकमध्ये अवघड रूट कॅनल करायला एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) झालेले तज्ज्ञ ठरावीक वारी येतात, बिलातला मोठा वाटा त्यांचा. कॅपचे पैसे घेतो तेव्हा त्यातून लॅबचं बिल जातं. धातूवर सिरॅमिक स्वस्त, झिरकोनिया महाग. दाढेला, जिथे दिसण्यापेक्षा चावणं महत्त्वाचं, तिथे धातू-सिरॅमिक वर्षानुवर्षं चालतं.

त्या एक लाखाच्या कागदाबद्दल. फसवणूकच आहे असं मी न बघता म्हणणार नाही. तोंडातलं सगळं एका कागदावर लिहायची पद्धत असते, आणि पेशंटला ते सगळं आजच करायचं आहे असं वाटतं. तो कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे जा, आणि तीनच प्रश्न विचारा. कुठला दात, एक्स-रेवर दाखवा. आज नाही केलं तर काय होईल? काय थांबू शकतं? जो डॉक्टर एक्स-रे समोर धरून बोटाने दाखवतो, त्याच्याकडे बसा.

आणि "इतके दिवस काय करत होतात" हे आम्ही म्हणतो, खरं आहे. मीही म्हटलंय. तुमचा धागा वाचून आज दुपारच्या एका आजोबांना म्हणायचं राहिलं.

---

तिरकस | मंगळवार, रात्री ११:०५

डॉक्टर आल्याच आहेत तर विचारतो. स्केलिंग केलं की दात हलायला लागतात, हे खरं ना? आमच्या काकांचे हलायला लागले. दात साफ करायचे आणि मग काढायचे, धंदा छान आहे.

---

आरसा_आणि_चिमटा | मंगळवार, रात्री ११:३०

काकांचे दात आधीच हलत होते. दातांच्या मध्ये किटण सिमेंटसारखं भरलेलं असतं, त्याने ते एकमेकांना चिकटून उभे असतात. खाली हाड झिजलेलं. किटण काढलं की खरी परिस्थिती कळते. मशीनची टोकं थरथरून किटण उडवतात, दात तासत नाहीत. दोन-चार दिवस गार पाणी झोंबतं, मान्य.

काकांना मधुमेह आहे का?

---

तिरकस | मंगळवार, रात्री ११:३४

...आहे. तुम्हाला कसं कळलं?

---

आरसा_आणि_चिमटा | मंगळवार, रात्री ११:४१

कळलं नाही, विचारलं. साखर वाढलेली असली की हिरड्यांचा आजार जोर धरतो, आणि हिरड्या सुजलेल्या असल्या की साखर आटोक्यात यायला त्रास होतो. एकमेकांचे साडू आहेत दोघे.

---

उसळ_पाव (दिघा) | बुधवार, सकाळी ८:००

दुखण्याच्या धाग्यावर न दुखणारं सांगतो. माझा धाकटा भाऊ. दात एक नंबर, एकही किडलेला नाही. दाताच्या डॉक्टरकडे गेला तो फक्त तिखट सोसेना, तोंड भाजतंय म्हणून. डॉक्टर म्हणाले, तीन बोटं उभी धरून तोंडात घाल. दोन गेली, तिसरं जाईना. गुटखा. २०१२ पासून महाराष्ट्रात बंदी आहे, तरी कुठे कसा मिळतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. गालाची कातडी आतून दोरीसारखी ताठ झालीय. पुरणपोळीचा घास आता चिमटीएवढा करून घालतो. डॉक्टरांनी सांगितलंय की यातून कॅन्सर होऊ शकतो, म्हणून ठरल्या तारखांना दाखवायला यायचंच. मी बरोबर जातो, नाहीतर तो मधल्यामध्ये उतरून घेईल.

गावाकडची मिश्रीवाली मंडळी असतील घरात, तर त्यांनाही दाखवा. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच.

---

नेरुळनिवासी | बुधवार, दुपारी १२:१५

पैशांवरून कोणीच कॉलेजांचं नाव काढलं नाही, आश्चर्य आहे. नवी मुंबईत दंतमहाविद्यालयं जितकी आहेत तितकी चांगली मिसळीची हॉटेलं नाहीत. आमच्या नेरुळमध्येच डी. वाय. पाटील आणि तेरणा, बेलापूरला भारती विद्यापीठ, खारघरला वाय. एम. टी., कामोठ्याला एमजीएम. ठाणेकरांना ट्रान्स-हार्बरने नेरुळ सरळ गाडी. मुंबईत जाणार असाल तर सीएसएमटीजवळचं सरकारी कॉलेज आणि मुंबई सेंट्रलचं १९३३ पासूनचं नायर.

मी बँकेतून निवृत्त झाल्यावर संपूर्ण कवळी यातल्याच एका कॉलेजात केली. बाहेर मला जो आकडा सांगितला होता, त्याच्या पाव खर्चात झाली. मात्र वेळ हाताशी हवा. विद्यार्थी काम करतात, प्रत्येक पायरीला त्यांचे सर येऊन तपासतात, आवडलं नाही तर परत करायला लावतात. माझं माप तीनदा घेतलं. तोंडात तो गार लगदा भरून बसायचं आणि नाकाने श्वास घ्यायचा. कवळीला सहा फेऱ्या झाल्या.

माझी विद्यार्थिनी सोलापूरची होती. मेणावर दात लावून दाखवताना तिचे हात कापत होते. म्हटलं बाळ, माझ्याकडे आता पडायला काही शिल्लक नाही, घाबरू नकोस. तर म्हणाली, "आजोबा, माझ्या परीक्षेच्या दिवशी पेशंट म्हणून याल ना? नक्की ना?" परीक्षेला पेशंट आलाच नाही तर पोरांची पंचाईत होते. गेलो. सकाळी आठला, इस्त्रीचा शर्ट घालून. परीक्षकांनी माझ्या तोंडात बॅटरी मारून तिला वीस मिनिटं प्रश्न विचारले, मी घामाघूम. पास झाली.

कवळी पहिले पंधरा दिवस परक्या माणसासारखी वाटते. "स" म्हणताना शिट्टी वाजायची. मी रोज सकाळी बाल्कनीत मोठ्याने पेपर वाचायचो, शेजारच्यांना वाटलं डोक्यावर परिणाम झालाय. रात्री काढून पाण्यात ठेवायची. नातीला ते ग्लासातलं दृश्य फार आवडतं.

---

जांभळीनाका | बुधवार, दुपारी १२:४०

काका, __/\__

मेडिक्लेममध्ये बसतं का हो यातलं काही?

---

खारीगावकर | बुधवार, दुपारी १:०५

माझ्या पॉलिसीत अपघाताने दात तुटला आणि ॲडमिट झालो तरच. कीड, रूट कॅनल, कॅप नाही. बहुतेकांचं तसंच असतं. पॉलिसीतलं न मिळणाऱ्या गोष्टींचं पान आधी वाचा, ते सगळ्यात बारीक अक्षरात असतं.

---

पावसाळी_छत्री | पुढचा बुधवार, रात्री ९:३०

मंडळी, जाऊन आले. एकदा नाही, दोनदा.

पाचपाखाडीत एका छोट्या दवाखान्यात गेले, ऑफिसातल्या मैत्रिणीने सुचवलेल्या. पायऱ्या चढताना परत फिरायचं मनात होतं, पण मागून एक आजी येत होत्या आणि जिना अरुंद. रेशनकार्डाच्या फाइलमधला कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकलं, "मला भीती वाटते आणि मला रागावू नका." त्या हसल्या. म्हणाल्या, "दुखलं तर डावा हात वर करा, मी थांबेन. बघा, आत्ताच करून बघा." मी हात वर केला. त्यांनी मशीन खाली ठेवलं. एवढ्यावरच माझं अर्धं पोट हलकं झालं.

बधिर करताना आधी हिरडीला जेल लावलं. सुई टोचली ते कळलं, खोटं कशाला बोलू. मुंगी चावल्यासारखं म्हणतात, त्यापेक्षा मोठी मुंगी होती. मग छाती धडधडायला लागली आणि मला वाटलं झालं, आता हार्ट अटॅक. त्यांनीच आधी सांगितलं होतं की इंजेक्शनात ॲड्रेनलिन असतं, मिनिट-दोन मिनिटं धडधडेल. तसंच झालं, थांबलं. मग अर्धा ओठ आणि अर्धी जीभ कोणा दुसऱ्याची झाली. दातावर निळा रबराचा पडदा ताणून बसवला, त्यामुळे पाणी घशात जात नव्हतं. छतावरच्या चौकोनात भोकं मोजत होते, एकशे चाळीसपर्यंत पोचले आणि त्या म्हणाल्या, "आजचं झालं."

हात एकदाही वर केला नाही.

घरी येऊन शहाणपणा केला तो म्हणजे चहा प्यायले. अर्धा चहा ओठाच्या कोपऱ्यातून ड्रेसवर. कळलंसुद्धा नाही. मुलगी म्हणाली, "आई, तुझं तोंड तिरकं हसतंय."

हिशेब, माझा पेशाच तो. रूट कॅनल ४,५००, धातू-सिरॅमिक कॅप ५,०००, एक्स-रे दोन, प्रत्येकी २००. कॅपचं माप घेतलंय, लॅबमधून यायला आठवडा लागेल, तोवर त्या बाजूने कडक खायचं नाही. रूट कॅनल केलेला दात ठिसूळ होतो, कॅप टाळली तर मधोमध चिरतो आणि मग काढावाच लागतो, हे त्यांनी दाताचं चित्र काढून दाखवलं.

आता तो कागद. बाकीच्या दोन रूट कॅनलपैकी एका दाताला साधं फिलिंग पुरेल, १,२००. दुसऱ्यावर डाग आहे, सहा महिन्यांनी परत एक्स-रे. इम्प्लांट माझ्या दहा वर्षांपूर्वी काढलेल्या दाढेच्या जागी लिहिलं होतं. करावं हे बरं, म्हणाल्या, शेजारचे दात त्या फटीकडे कलतात. पण टायटॅनियमचा स्क्रू हाडात धरायलाच काही महिने जातात, घाई नाही, पैसे साठवा आणि या. स्केलिंग मात्र करायचंच.

तर कागद पूर्ण खोटा नव्हता. पण एक लाख दहा हजारांच्या जागी आत्ता बारा-तेरा हजारांत भागतंय. तीन वर्षांपूर्वी गेले असते तर हीच दाढ फिलिंगमध्ये सुटली असती, तो आकडा मी मुद्दाम काढला नाही.

---

तिरकस | बुधवार, रात्री ९:५०

अभिनंदन. कॉफी मिळाली का?

---

पावसाळी_छत्री | बुधवार, रात्री ९:५८

नाही. पण खाली उसाच्या रसाचं गुऱ्हाळ आहे आणि मला दोन तास काही घेता येणार नव्हतं.

अजून एक. आईला सांगितलं तर ती गप्प बसली. मग संध्याकाळी भाजी निवडताना म्हणाली, "माझीही वरची एक दाढ दोन वर्षं दुखतेय." दोन वर्षं! लहानपणी माझे हात धरणारी हीच. शनिवारी साडेदहाची वेळ घेतलीय तिच्या नावाने.

---

आरसा_आणि_चिमटा | बुधवार, रात्री १०:३०

आई बीपीच्या, हृदयाच्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतात का? घेत असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, गोळी आपल्या मनाने बंद करू नका. आणि उपाशीपोटी नेऊ नका, नाश्ता करून न्या.

---

पावसाळी_छत्री | बुधवार, रात्री १०:४१

घेते. गोळ्यांची चिठ्ठी आत्ताच तिच्या पर्समध्ये टाकली. तिने उघडून बघितलं आणि विचारलं, "हात वर केला की खरंच थांबतात का गं?"